नाक कंपनीचं, तोंड गावचं

मार्गशीर्ष शुद्ध दशमी, शके १८६१. सकाळपासून अंगणात चिंचोके भाजत बसले होते. चिंचोका भाजला की त्याचं तांबडं टरफल सुटतं. आतली पांढरी डाळ भिजवायची, वाटायची, शिजवायची, आणि ती खळ मांजरपाटावर चढवून दगडानं घोटायची. मग कापड कागदासारखं ताठ होतं आणि रंग पीत नाही. धनगर हीच खळ घोंगडीला देतात. आमच्याकडे ती सिनेमाच्या बोर्डाच्या कापडाला लागते, कारण आमचे यजमान पेंटर आहेत. गेली चार वर्षं ते बोर्डावर फक्त अक्षरं लिहितात, तरी सगळी बारामती त्यांना पेंटरच म्हणते.

कऱ्हेकाठच्या मैदानात तंबू आला आहे. कालव्याच्या पट्ट्यात ऊस तुटायला लागला, गुऱ्हाळांवर काहिली चढल्या, लोकांचे खिसे जरा वाजायला लागले, की तो आवाज सिनेमावाल्याला कसा कुणास ठाऊक लांबून ऐकू येतो. यंदाही आला. सकाळीच बैलगाडीला नुसत्या अक्षरांचा बोर्ड बांधून, पुढे ताशा लावून गाडी पेठेतून फिरवली. मी चिंचोके परतत होते आणि यमू आत भाकऱ्या थापत होती. गाडी दारावरून जात असताना थापण्याचा आवाज थांबला. गाडी वळणापलीकडे गेली तसा पुन्हा सुरू झाला.

यमू आमची एकुलती एक मुलगी. विसावं सरलं, आणि तिचं लग्न झालेलं नाही. का झालं नाही, हे या तंबूपाशीच येऊन थांबतं. गुळाचा वास सुटला की मला ते सगळं पहिल्यापासून आठवतं. आठवून उपयोग काही नाही. पण चिंचोके भाजायला हात पुरतात, डोकं मोकळंच राहतं, आणि मोकळं डोकं चांगल्या ठिकाणी कधी जात नाही.

गुळाचा वास छान, असं म्हणणारी माणसं बहुतेक लांब राहणारी असतात. पहाटेच्या थंडीत तो आधी गोड लागतो, मग घशाशी बसतो, मग नकोसा होतो. लुगड्यांना लागतो, उशीला लागतो, ताकालासुद्धा लागल्यासारखा वाटतो. पूर्वी आमच्या घरात त्यात जवसाच्या तेलाचा वास मिसळलेला असे. ओसरीवर कापड अंथरलेलं, कडेला नारळाच्या करवंट्यांत रंग: सफेदा, पिवडी, गेरू, हिंगूळ, नीळ, दिव्याचं काजळ. त्या कापडावरून उड्या मारत स्वयंपाकघरात जायचं. एकदा भाजीची परात घेऊन जाताना माझा पाय एका राजाच्या पोटावर पडला होता. यांनी पोटावर तिथेच एक कमरपट्टा वाढवला आणि म्हणाले, "बरं झालं, मोकळंच वाटत हुतं."

यांचे वडील देवळांच्या भिंतींवर चित्रं काढत, गणपती रंगवत. त्या घरचा एक रिवाज होता, डोळे सगळ्यांत शेवटी. मूर्ती जागेवर बसली, की मग डोळ्यांत बाहुली भरायची. तोवर ती माती. यांनी हाच रिवाज सिनेमाच्या बोर्डांना लावला. घरी सगळं रंगवायचं, डोळ्यांच्या जागा पांढऱ्या ठेवायच्या, आणि मैदानात बोर्ड उभा राहिला की शिडीवर चढून डोळे भरायचे. तंबूच्या म्यानेजरला ते फार आवडलं. बाजारच्या दिवशी तो भोंग्यावर गाणी लावी, आणि भाजीच्या पाट्या डोक्यावरून न उतरवता बाया यांच्याकडे वर बघत उभ्या राहत. बाहुली भरली की एखादी म्हातारी म्हणे, "आता गं बया, बघाया लागला!" आणि खरंच तसं होई. मघापर्यंत नुसता रंग असलेलं तोंड कुणाचं तरी होई.

कुणाचं होई, हाच प्रश्न होता. कंपनीकडून तळहाताएवढी एक जाहिरात यायची. तिच्यावर नटाचा किंवा नटीचा फोटो, बऱ्याचदा शाईनं भरलेला. हे त्याच्यावर दोऱ्यानं चौकटी पाडत, तशाच मोठ्या चौकटी कापडावर पाडत, आणि एकेक चौकट उचलून इकडे आणत. पण असं ते फक्त नाकापुरतं करत. नाक फोटोबरहुकूम, बाकीचं तोंड आपल्या गावातलं. "नाक कंपनीचं, तोंड गावचं," असं ते म्हणत. नाक बरोबर आलं की नट ओळखू येतो, तेवढ्यानं कंपनीचं काम भागतं. पण बाजारातला माणूस थांबतो तो ओळखीच्या तोंडाशी. दुष्ट प्रधान काढायचा असेल तर आधी असं तोंड शोधायचं, की ज्याच्याकडून माणसं बैल घेणार नाहीत.

एकदा त्यांनी एका कपटी मामाला दवाखान्यातल्या कंपाउंडरची हनुवटी दिली. कंपाउंडरला कुणीतरी सांगितलं. आम्हांला वाटलं, आता भांडायला येणार. तर तो इस्त्रीचा कोट घालून आला आणि बाजार उठेपर्यंत बोर्डाखाली पान खात उभा राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणे, "वळखू येतंय का बगा!"

मलाही त्यांनी सोडलं नाही. एका बोर्डावर सुनेला जाच करणारी सासू होती. मी कापड घोटता घोटता जरा निरखून पाहिलं.

"अहो, ही कजाग सासू म्हणजे मीच की."

"तोंड तेवढं तुझं हाय. बाकी समदी कंपनीची."

"मी एवढी कजाग दिसते?"

"दिसत न्हाईस. पर वठ मिटलंस की माणूस इचार करून बोलतं."

यमू इतकी हसली की तिच्या हातातली नीळ सांडली. त्यानंतर पाच-सहा दिवस मी ओठ मिटताना जपून असे, हे खरं आहे.

त्यांच्या कामात एक खोड मात्र होती, आणि ती सगळ्या बारामतीला ठाऊक होती. म्यानेजर त्यांना खेळ फुकट बघू देई, पण पडद्याच्या मागच्या अंगाला. तंबूत तेव्हा पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसत. पुढे बरी माणसं, मागे ज्यांना भागवून घ्यायचं आहे ती. मागच्यांना नीट दिसावं म्हणून पडदा पाणी मारून ओला ठेवत. मागून पाहिलं की सगळं उलटं. उजवं ते डावं. म्हणून यांच्या बोर्डावरचे राजे डाव्या हातात तलवार धरत, आणि राण्यांचा पदर भलत्याच खांद्यावर पडे. पेठेत लोक चिडवत, "पेंटर, तुमच्याकडं समदं राजं डावखुरं व्हय?" हे शिडीवरून उत्तर देत, "लढतोय न्हवं? मग झालं तर." त्यांचं म्हणणं असं, की मागून प्रकाश कापडातून गाळून येतो, तोंडावरची पावडर दिसत नाही, हाडं दिसतात. पुढे बसायला जागा दिली असती तरी ते मागेच बसले असते, असं मला वाटतं.

चार वर्षांपूर्वीच्या त्या हंगामातला शेवटचा खेळ एका राजनर्तकीचा होता. दरबारात नाचणारी बाई, सगळ्यांनी धिक्कारलेली; शेवटी दुसऱ्याचं मूल वाचवताना मरते. बोर्ड बारामतीसाठी नव्हता. तंबू इथून उठून इंदापूरला जायचा होता, तिथल्या मुक्कामासाठी तो हवा होता. जाहिरातीवरच्या नटीच्या भुवया दोऱ्यासारख्या बारीक कोरलेल्या, गाल पिठात घोळल्यासारखे. हे तो कागद जेवतानासुद्धा ताटाशेजारी ठेवत. तंबू उठायच्या आधी म्यानेजरनं तो खेळ इथे एकच रात्र लावून पाहिला, तेव्हा तोही पाहून आले, नेहमीप्रमाणे मागून. तरी तोंड सुरू करीनात.

"काय बघताय एवढं?" मी विचारलं.

"हिच्यात नटी दिसती. नाचणारीबी दिसती. पर ही कुनाची लेक हाय, ते कुठं दिसतंय?"

"ते कशाला दिसायला हवं?"

"शेवटाला ती मरती. बाजारातल्या माणसाला नटीचं रडू येत न्हाय. लेकीचं येतं."

मला ते बोलणं तेव्हा बरोबर वाटलं. आजही चूक वाटत नाही. ते चूक असतं तर मला पुष्कळ सोपं गेलं असतं.

त्याच दिवसांत यमूचं ठरलं होतं. इंदापूरचे तात्या म्हणून एक बागाईतदार, विहिरीवर लिंबाची बाग, घरात दूधदुभतं. त्यांचा मधला मुलगा दत्तू. मुलगी पाहायला आला तेव्हा त्यानं एकदाच वर पाहिलं आणि हातातली सुपारी पोह्यांत पाडली. तात्या हसले नाहीत. त्यांनी ती सुपारी उचलून स्वतःच्या तोंडात टाकली. मला तो माणूस तिथेच आवडला. साखरपुडा झाला, लग्न वैशाखात धरलं. यमूला सोळावं सरत होतं. ती तेव्हा चालताना जरा उड्या मारत चाले.

कापड नेहमीसारखं ओसरीवर रंगलं. नाचणारी एक हात वर करून उभी, पदर ढळलेला, डोळ्यांच्या जागी दोन पांढरे डाग. मी खालच्या अंगाला घागऱ्याचा पिवळा भरत होते. डोळे नसलेलं तोंड कुणाचंच नसतं. ते यमूनं पाहिलं, मी पाहिलं, शेजारणींनी पाहिलं. मग गुंडाळी करून ते गाडीवर चढलं, आणि हे डोळे नि तोंडावरचं बारीकसारीक भरायला सर्व्हिस मोटारीनं इंदापूरला गेले. परत आले ते खुशीत. म्हणाले, "डोळं भरलं आन् माणसं गपगार झाली. येकबी बोललं न्हाय." आम्हांला वाटलं, काम चांगलं झालं.

काम चांगलंच झालं होतं. दोन दिवसांनी तात्यांचा गडी निरोप घेऊन आला, दोघांनी निघून या. आम्ही पोचलो ती संध्याकाळ होती. तात्यांच्या ओसरीवर त्यांची विधवा बहीण बसली होती. त्या घरात तिला सगळे आत्याबाई म्हणत. तिनं बसा म्हटलं, पण पाण्याचा तांब्या आला नाही. तेव्हाच मी पदर सावरून घेतला.

"इवाई," आत्याबाई यांना म्हणाल्या, "लेकीला नाचाय कदी शिकवलं?"

"न्हाय की. आसं का इचारता?"

"मग तंबूच्या दारात हात वर करून कोन हुबी हाय? आमी तिच्याच नावानं हळद कुटायची व्हय?"

हे म्हणाले, ती नटी आहे, नाक पाहा, फोटो पाहा. खिशातून जाहिरात काढून त्यांनी समोर धरली. आत्याबाईंनी ती हातात घेतली नाही.

"नाक ऱ्हाऊ द्या. तिळाचं बोला. आमी काल खेळ बघून आलो. त्या बाईचा तीळ उजव्या गालाला हाय. समद्या इंदापुरानं बघितलाय. तुमी डाव्या गालाला काढलाय. डाव्या गालाला तीळ कुनाला हाय? साखरपुड्यात मी या हातानं कुकू लावलंय तिला."

"फोटोत तीळ उमटलाच न्हाय. खेळ मी पडद्याच्या मागनं बघतो, आत्याबाई. मागनं उजवं ते डावं दिसतं. नटीचाच तीळ काढलाय मी."

"आन् नेमका लेकीच्या जाग्यावर बसला! बरा बसला."

बारामतीत हे कुणीही हसत हसत खरं मानलं असतं. डावखुऱ्या राजांवर तिथे रोज थट्टा चाले. इंदापुरात ती थट्टा कुणाला ठाऊक नव्हती. तिथे ते एका बापानं रचलेलं खोटं वाटलं, आणि फार मोठं खोटंही नाही.

मी विचारलं, "अहो, खरं सांगा, यमूचं तोंड घेतलंत का?"

यांनी खाली पाहिलं. म्हणाले, "मी येका लेकीचं तोंड काढत हुतो. मला त्यात यमू दिसली न्हाय. मला ती मरनारी दिसली." आणि मग, "हात कुठनं आणतो, ते हाताला इचारून कळत न्हाय."

तात्या बहिणीला म्हणाले, "आक्का, जरा दमानं." आणि यांना म्हणाले, "पेंटर, मला तुमच्यात खोट दिसत न्हाय. पर घरात दोन भाच्या हायेत द्यायच्या. उद्या बाजार हाय. बाजार भरायच्या आत तोंड बदला. मग आक्काची समजूत मी काढतो."

सकाळी उजाडताना आम्ही मैदानात गेलो. बाजार भरायच्या आत असं म्हणणं सोपं असतं. गाड्या पहाटेपासूनच येऊन सुटलेल्या होत्या. मी तो बोर्ड तेव्हा पहिल्यांदा पाहिला, डोळ्यांसकट. ती यमूच होती. भुवया जाड, यमूच्या. नाक तिचं नव्हतं, पण नाकाकडे कोण बघतं? आपण तोंडओळख डोळ्यांनी करतो. वर हात करून, खांदा उघडा टाकून, बैलबाजाराकडे बघत माझी मुलगी उभी होती. आणि ती सुंदर होती, एवढं मला तिथेच मनात येऊन गेलं. घरात ती रोज समोर असते तेव्हा असं काही मनात येत नाही.

हे शिडीवर चढले. आधी डावीकडचा तीळ सफेद्यानं झाकून उजवीकडे काढला, म्हणजे नटीसारखा. खाली उभी राहिलेली मंडळी वाढली.

"आरं, लेकीचा तीळ पुसतोय बघ बाप!"

"म्हंजी तीच हाय!"

"न्हाईतर पुसायला कशाला आला असता?"

तीळ तिकडे गेला, पण यमू गेली नाही. आरशात पाहिल्यासारखी झाली. मग यांनी भुवया कोरून दोऱ्यासारख्या केल्या. तेव्हा ती भुवया कोरलेली यमू झाली, आणि ते आणखी वाईट दिसलं. गाल भरले, तर पावडर फासलेली यमू झाली. जे जे बदलावं, ते तिनंच करून घेतल्यासारखं दिसे. जमावाला आता खेळ सापडला होता. एकजण ओरडला, "पेंटर, वैनीबी काढा की शेजारी, खाली हुब्याच हायेत!" लोक हसले. मी मागे वळून पाहिलं नाही.

मी खालून हाक मारली, "अहो, राहू द्या. सगळ्या तोंडाला काळं फासा आणि उतरा."

यांनी काजळाचा कुंचला भरून घेतला. हात वर गेला आणि तिथेच राहिला. मग ते वरूनच म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "न्हाय जमत. भर बाजारात पोरीच्या तोंडाला काळं कसं फासू?"

झालं. बापानं स्वतःच सांगितलं ती कोण आहे ते. त्यापुढे साक्षीपुराव्याची जरूर उरली नाही.

तात्या जमावाच्या कडेला छत्री टेकून उभे होते. हे उतरून त्यांच्याजवळ गेले. तात्या म्हणाले, "पेंटर, मला तुमचं पटलंय. पर मला येकट्याला पटून मी काय करू?" एवढं बोलून ते वळले आणि गेले. मी अजूनही त्यांना बोल लावत नाही. ज्याच्या घरात मुली द्यायच्या आहेत, तो माणूस यापेक्षा वेगळं काय करणार? दत्तू कुठे दिसला नाही.

त्या आठवड्यात इंदापुरात तंबू फुटेपर्यंत भरला, असं म्यानेजर नंतर सांगत होता. त्याला ते चांगली बातमी म्हणून सांगायचं होतं.

साखरपुड्याची साडी मी धुऊन, वाळवून, घडी करून परत पाठवली. यमूला सगळं नीट बसवून सांगितलं. लपवून ठेवण्यासारखं काही नव्हतं आणि कुणीतरी सांगितलंच असतं. तिनं ऐकून घेतलं. नंतर एकदा, उन्हाळ्यात, पापड लाटताना तिनं विचारलं, "आये, कसं आलं हुतं गं?"

"बरं आलं होतं," मी म्हटलं.

ती तंबूच्या दारातसुद्धा कधी गेली नव्हती. हे सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर जी जी स्थळं आली आणि गेली, त्यांनाही माहीत होतं. तिनं काही केलं असं कुणीच म्हटलं नाही. फक्त एवढंच म्हणत, की ते तोंड सगळ्या तालुक्यानं पाहिलं आहे. कंपाउंडरची हनुवटी बोर्डावर गेली तर तो खाली उभा राहून पान खातो. मुलीचं तोंड गेलं, की ते घरी परत येत नाही. असं का, म्हणून मी पुष्कळांना विचारलं. बायकांनाही विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच, तसंच असतं.

पुढच्या हंगामात पुण्याहून छापील तोंडं यायला लागली. मोठाले कागद, खळीनं चिकटवायचे. ती तोंडं कुणाचीच नसतात, म्हणून कुणाला त्रास होत नाही. ती पाहून कुणी थांबतही नाही. हे त्यांच्याखाली खेळाचं नाव लिहितात, वेळ लिहितात. अक्षर त्यांचं अजून चांगलं आहे. तंबूत मात्र पाय ठेवत नाहीत, ना पुढून ना मागून. मी एकदा म्हटलं, एखादा गणपती तरी रंगवा. तर म्हणाले, "त्यालाबी तोंड हाय."

गेल्या महिन्यात कळंबहून एक निरोप आला आहे. बिजवर आहे, दोन मुलं आहेत, पाटाचं पाणी आहे. वय विचारलं नाही. विचारून कमी होत नाही. संक्रांतीनंतर पाहायला येणार आहेत. मी यमूला सांगितलं, ती "बरं" म्हणाली. तिच्या "बरं"मध्ये पूर्वी दहा प्रकार असत. आता एकच आहे.

हे सगळं मनात येऊन जाईपर्यंत चिंचोके भाजून झाले होते. आधी करून ठेवलेल्या खळीचं कापड वाळून ओसरीवर घोटून तयार होतं, अक्षरांसाठी. दुपारी म्यानेजर आला. तोच पूर्वीचा, आता पोट सुटलेला.

"पेंटर, घोटाळा झालाय," तो म्हणाला. "छापील तोंडं आलीच नाहीत. कंपनीनं दुसऱ्याच खेळाची पाठवली. बाजाराला बोर्ड पायजे, आणि नुसत्या अक्षरांवर कोण येणार? एक तोंड काढून द्या. बाई आहे, मध्यम वयाची, साधी. मग हाच बोर्ड पुढं कळंबच्या मुक्कामाला चालंल."

"अक्षरं लिवतो. तोंड न्हाय," हे म्हणाले.

"चार वर्षं झाली, पेंटर. लोक विसरले."

यमू चहाचे कप घेऊन आली होती. कप ठेवता ठेवता ती म्हणाली, "काढा की, आप्पा. आता जायाचं काय ऱ्हायलंय?"

मी म्हटलं, "कळंब राहिलंय."

"ते व्हय?" ती म्हणाली आणि आत गेली.

म्यानेजर जाहिरात ठेवून निघून गेला. हे उठले. मग चुलीतला एक कोळसा घेऊन ओसरीवर गेले. मी अडवलं नाही. चार वर्षांत त्यांनी आपणहून काही हातात घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. मी वाटण वाटत राहिले. दिवेलागणीला दिवा घेऊन ओसरीवर गेले तेव्हा तोंड पुरं झालं होतं. चौकटी पाडलेल्या नव्हत्या. या वेळी त्यांनी डोळेही काढले होते, जागेवर उभं करायची वाट न बघता. गालांची हाडं वर आलेली, डोळ्यांखाली सावली, केस कानामागे ओढून बांधलेले. ती आजची यमू होती. मध्यम वयाची, साधी. मी तिला रोज पाहते, आणि ती अशी झाली आहे हे मला त्या कापडावरून कळलं.

हे भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "दुसरं काय येतंच न्हाय गं हाताला. लय येळ बघितलं. येतंच न्हाय."

मी दिवा कोनाड्यात ठेवला आणि त्यांना जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नदीवर गेले तेव्हा मी कापड अंगणात आणलं. खळीच्या कापडावर कोळसा नुसता बसतो, धरत नाही. आधी झटकलं. मग कोरडं फडकं घेऊन कपाळापासून पुसायला घेतलं. कपाळ गेलं, डोळे गेले. गालापाशी कापड सारखं गोळा व्हायला लागलं. यमू पाणी घेऊन आली. तिनं पाहिलं.

"आप्पांना सांगितलंस?"

"नाही."

तिनं घागर खाली ठेवली, कापडाचं दुसरं टोक धरलं आणि ताणलं. ताणल्यावर पुसायला सोपं गेलं. हनुवटीपर्यंत पुसून झाल्यावर आम्ही दोघींनी मिळून घडी घातली, आणि म्यानेजरचा माणूस आला तेव्हा त्याला कोरं कापड दिलं. तोंड दुसरीकडून काढून आणा, मग अक्षरं इथे लिहून मिळतील, असं मी सांगितलं.